विकल्याची हळहळ की हुकल्याची?

माळवदाचं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं की घरातल्या ट्रंका उघडतात. वर आजीच्या लग्नातले पितळी डबे, खाली शाळेच्या वह्या आणि त्याखाली एका पिशवीत आपली खेळणी. घरातलं कोणीतरी म्हणतंच, "हे कशाला सांभाळायलास आता? देऊन टाक की."

दुसरा प्रसंग रविवारचा. छत्रपती संभाजीनगरात जाफर गेटच्या आठवडी बाजारात एका पोत्यावर नळाच्या तोट्या, बंद पडलेले रिमोट, किल्ली नसलेली कुलपं, आणि त्या ढिगात खेळण्यातली एक छोटी मोटार. विकणारे चाचा दोनशे म्हणतात, तुम्ही साठ म्हणता. ते मान हलवतात, तुम्ही उठता, आणि गाडीला किक मारेपर्यंत जीव मागे ओढायला लागतो.

तिकडे विकू का, इकडे सोडू का, असं ज्याच्या मनात घोळतंय त्याच्यासाठी हे लिहितोय. मी दोन्ही करून बसलोय.

आधी विकल्याचं. अकरावीला लातूरला गेलो तेव्हा खोलीतला पसारा काढायचा म्हणून खेळण्यांचा अख्खा खोका भंगारवाल्याला दिला, वजनावर. त्यात लिओचा ही-मॅन, म्हणजे तलवारवाला प्लास्टिकचा बाहुला, होता. व्हीआयपी सुटकेस बनवणाऱ्या ब्लो प्लास्टचा 'लिओ' हा खेळण्यांचा छाप. ऐंशीच्या दशकात त्यांनी मॅटेल या अमेरिकन खेळणी कंपनीच्या परवान्यावर ही खेळणी इथे काढली. नोकरी लागल्यावर तसाच ही-मॅन पुन्हा घेतला. जे पैसे मोजले ते बायकोला अजून सांगितलेले नाहीत. बाहुला चांगलाय, माझ्या जुन्यापेक्षा कितीतरी चांगला. पण माझ्याच्या तलवारीवर धाकट्या बहिणीच्या दातांच्या खुणा होत्या, याच्या तलवारीवर कोणाचेच दात नाहीत. तो कपाटात उभा आहे आणि मी त्याला फारसा हात लावत नाही.

आता हुकल्याचं. त्याच बाजारात एकदा फनस्कूल कंपनीचा जीआय जो, म्हणजे खेळण्यातला सैनिक, दिसला, पण कमरेपासून दोन तुकडे झालेला. तुटकी वस्तू कशाला, म्हणून ठेवून दिला. घरी आल्यावर कळलं की तो तुटलेला नव्हताच. या सैनिकांचं धड आणि पाय आतल्या एका रबरी रिंगेवर अडकवलेले असतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर वाळतं, तडकतं आणि माणूस सुटा होतो. नवी रिंग घातली की पुन्हा उभा. पुढच्या रविवारी गेलो तर चाचांकडे तो नव्हता. दोन महिने स्वतःला शिव्या घातल्या.

पण चारेक वर्षांनी तसाच दुसरा मिळाला, नंतर तिसराही. फनस्कूल १९८७ साली टायरवाली एमआरएफ आणि अमेरिकन खेळणी कंपनी हॅस्ब्रो यांच्या भागीदारीत सुरू झाली, गोव्यात कारखाना टाकला आणि अमेरिकन साच्यांतून इथे माल काढला. काहींचे रंग मूळ अमेरिकन बाहुल्यांहून अगदीच वेगळे निघाले, आणि त्या वेगळ्या रंगांसाठीच आज परदेशातले लोक ते शोधतात. मॅचबॉक्स या ब्रिटिश छापाच्या साच्यांवर कोलकात्यात बनलेल्या मॅक्सवेलच्या मोटारी, डिंकी या दुसऱ्या ब्रिटिश छापाच्या जुन्या साच्यांतून निघालेल्या निकीच्या मोटारी, यांचंही तेच. एका साच्यातून ढिगाने माल निघालेला असतो. आज हुकला तरी उद्या, महाग का होईना, कुठेतरी निघतो. हुकल्याचं दुखणं त्यामुळे तापासारखं, येतं आणि उतरतं. आपली स्वतःची वस्तू विकल्याचं तसं उतरत नाही.

इथपर्यंत निकाल सोपा वाटेल: आपलं विकू नका, बाजारातलं बिनधास्त सोडा. मीही बरीच वर्षं असंच सांगत होतो. मग कंधारकडच्या एका गावात, एका ओळखीच्यांच्या गोठ्यात, लाकडी बैलगाडी दिसली. वीतभर लांब. गावच्या सुताराने पूर्वी कधीतरी नातवासाठी केलेली, बैल लाल कंधारी, गडद लाल रंगाचे, एकाचं शिंग मोडलेलं. ते म्हणाले, "न्यायची तर न्या, लेकरं खेळत न्हाईत आता." मला एसटी गाठायची होती, हातात दोन पिशव्या होत्या. पुढच्या खेपेला नेतो म्हणालो. पुढच्या खेपेला ती चुलीत गेली होती.

आता ती कुठे शोधू? मोबाइलवर काय लिहून शोधायचं? तिला कंपनी नाही, नंबर नाही, साचा नाही, जोडीची दुसरी नाही.

म्हणून हल्ली मी वस्तू उलटी करतो. तळाला नाव, छाप किंवा देश कोरलेला असेल तर घासाघीस करायला आणि वेळ आली तर उठून जायला हरकत नाही. तळ कोरा असेल, हाताच्या हत्याराच्या खुणा असतील, तर मागतील ते देतो. पितळी भातुकलीही याच खात्यात धरा. जुनी जातं-चूल, सांडशी, घागर ही दुकानदाराच्या तराजूवर फक्त मोड असते, किलोच्या भावाची. आणि पत्र्याची खेळणी भंगारात गेली, तर आमच्याकडच्या भंगाराला जालन्याच्या लोखंडी सळईच्या भट्ट्या फार लांब नाहीत.

विकायलाही हाच नियम, जरा वाकवून. छापाची वस्तू, जिच्याशी तुमचं बालपण जोडलेलं नाही, दुसऱ्याच्या घरून आलेली आहे, ती खुशाल विका. फक्त खोका असेल तर खोक्यासकट विका, खोका आधी रद्दीत घालून नंतर भाव विचारू नका. छापाची पण स्वतःची, दातांच्या खुणांची, ती ठेवा. बिनछापाची तर विकूच नका, कोणी मागितलीच तर आधी चारी बाजूंनी फोटो काढा.

ठेवल्याचाही पश्चात्ताप असतो, तो विसरू नका. नव्वदच्या दशकात अमेरिकेत बीनी बेबीज नावाची कापडी जनावरं लोकांनी पुढे सोनं होईल म्हणून साठवली, आणि दशक संपता संपता बाजार बसला. आपल्याकडे भावाआधी वस्तूच बसते. सेल आत विसरलेली मोटार पाच वर्षांनी उघडा, आतल्या पट्ट्या हिरव्या पडून खाल्लेल्या दिसतील. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या मऊ प्लास्टिकच्या बाहुलीला मे महिन्यात चिकट घाम सुटतो. ठेवायचं तर सेल काढून, कागदात गुंडाळून, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत. ते जमणार नसेल तर विकलेलं बरं, हे मी मनापासून सांगतो.

हे लिहिता लिहिता आठवलं, परभणीच्या मावशीकडे तिच्या आईची भातुकली होती. बारकी घागर, बंब, अगदी पळीसुद्धा. लगेच फोन लावला.

"अरे, ती व्हय?" मावशी म्हणाली. "मागच्या दिवाळीला मोडीत घातली. वर तीनशे रुपये टाकले, स्टीलची छान कळशी आली बघ."