छावणी, वर्ग की कलेक्टर कचेरी?

"ताई, समाजासाठी काहीतरी करायचंय, कुठून सुरू करू?" डिग्रीचे निकाल लागले की असे फोन यायला लागतात. मी उलट विचारते, घरी कर्जाचे हप्ते किती, आणि पगाराशिवाय किती महिने निभेल? पोरं हिरमुसतात. पण निम्मी निवड तिथेच होऊन जाते, म्हणून तूही आधी तो हिशोब कर.

हाताशी फक्त आठ दिवस असतील तर सोमनाथ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात बाबा आमटेंनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी परंपरेने १५ ते २२ मे अशी भरते. पहाटे कुदळ-घमेलं, ऊन चढल्यावर भाषणं आणि चर्चा, रात्री गाणी. दुसऱ्या दिवशी माझ्या तळहाताला फोड आले होते आणि शेजारची नागपूरची मुलगी मुकाट्याने त्यावर हळद लावत होती. छावणीने जग बदलत नाही. तू किती पाण्यात आहेस ते मात्र कळतं. समाजाचे प्रश्न समजून घ्यायला आणखी वेळ देऊ शकत असशील, तर गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेचा 'निर्माण' उपक्रम बघ. २००६ पासून तिथे तरुणांची शिबिरं होतात. एमबीबीएस होऊन बंधपत्राचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष समोर असलेल्यांना तर मी तेच आधी सुचवते. आरोग्य केंद्रातलं वर्ष कसंही ढकलता येतं किंवा मन लावून काढता येतं, आणि तो फरक शिबिरात कळतो.

आता खरा पेच. टीच फॉर इंडिया की मुख्यमंत्री फेलोशिप?

टीच फॉर इंडिया म्हणजे दोन वर्षं, पूर्णवेळ, गरीब वस्तीतल्या मुलांचा वर्ग. २००९ साली पहिली तुकडी मुंबई-पुण्यातच उभी राहिली. मानधनात शहरातलं भाडं भरून महिना कसाबसा निघतो. मुलं तुला 'दीदी' किंवा 'भैया' म्हणतात आणि तयारी न करता गेलीस तर पाचव्या मिनिटाला ओळखतात. चुकलीस की त्याच दिवशी कळतं, हे इतर समाजकार्यात फार क्वचित मिळतं. तिसरीतलं मूल गुणाकारात चुकत होतं, त्याला ते जमायला लागलं, तर ते तूच केलंस. त्रुटी अशी की दोन वर्षांनी त्या वर्गाला दुसरी दीदी लागते.

मुख्यमंत्री फेलोशिप म्हणजे राज्य सरकारच्या कचेरीत बसून काम करायचं वर्ष. ती २०१५ साली सुरू झाली, मधे थांबली, २०२३ ला परत आली. बारा महिने, साधारण ६० जण, वय २१ ते २६. प्रथम श्रेणीची पदवी, वर्षभराचा अनुभव, परीक्षा, निबंध, मुलाखत, आणि मराठी यायलाच हवं. मानधन वर्गातल्या नोकरीपेक्षा बरंच चांगलं. रक्कम जाहिरातीगणिक बदलते, ती वाचूनच घरी सांग. मी अशाच एका कचेरीत वर्ष काढलं. पहिले दोन महिने एक देखणा डॅशबोर्ड बनवला, तो माझ्याशिवाय कुणी उघडला नाही. नंतर लक्षात आलं, शिष्यवृत्तीचे पैसे अडलेल्या बऱ्याच मुलांचं बँक खातं आधारला जोडलेलंच नव्हतं. कारकून काकांच्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून दोन याद्या ओळीने ताडून पाहिल्या. चहा सहा वेळा झाला, याद्या संपल्या. पुढे 'टिप्पणी पुट अप करा' म्हणजे काय, सही कुठल्या टेबलावर थांबते, जीआरमधला एक शब्द बदलला की काय होतं, हे सगळं तिथेच शिकले. पण आपलं म्हणून दाखवता येईल असं वर्षाअखेर फार थोडं उरलं.

त्यामुळे मी असं सांगते. नागरी सेवा डोक्यात असेल तर आधी कचेरी. तिथे तुला कंटाळा आला तर परीक्षेची चार वर्षं वाचतील. मुलांच्या गोंधळात तासभर टिकत नसशील तर वर्ग नको, त्यात मुलांचंच नुकसान. आणि दोन्हींबद्दल डगमगत असशील, तर उन्हाळ्यात छावणी कर, परतीच्या रेल्वेत डायरीत पानभर लिही, मग अर्ज भर. अर्जाच्या तारखा मात्र छावणीसाठी थांबत नाहीत, त्या आधी बघून ठेव. घरच्यांना सांगायचं काम बाबांपासून सुरू करू नकोस, आधी आजीला पटव.