घरचा वकील, मोफत वकील की फौजदारीतला मुरलेला वकील?

गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरीत घरातल्या कुणावर गुन्हा दाखल झाला की पहिला फोन जातो घरच्या वकिलाला. घराची इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीचं कोर्टातलं काम), मुंडकाराची (भाटकाराच्या जमिनीत घर असलेल्याची) केस त्यानेच चालवलेली असते. माणूस विश्वासाचा, फीच्या बाबतीतही सांभाळून घेणारा. जामीनपात्र, किरकोळ गुन्ह्याला तो पुरेसा आहे. पण कलम अजामीनपात्र असेल, तर त्याला सल्ल्यासाठी सोबत ठेवा आणि वकालतनामा, म्हणजे केस चालवण्याचं अधिकारपत्र, रोज फौजदारी कोर्टात उभ्या राहणाऱ्याला द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण इथे दिवस मोजावे लागतात. अटकेनंतर चोवीस तासांत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेतात आणि पोलीस कोठडी मागतात. माल जप्त झालाय, मोबाइल पोलिसांकडेच आहे, मग कोठडी नेमकी कशासाठी, हे त्याच क्षणी विचारावं लागतं. पुढे गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही, तर जामीन मिळणं हा हक्क होतो. मात्र जामिनाचा अर्ज आरोपपत्र येण्याआधी पडायला हवा. अर्जाला उशीर झाला आणि मधल्या वेळात आरोपपत्र आलं, की तो हक्क गेला. मुरलेला वकील ही तारीख पहिल्या रिमांडलाच (कोठडीच्या सुनावणीला) डायरीत टिपून ठेवतो.

अमली पदार्थांच्या केसमध्ये तर हयगय नकोच. व्यावसायिक प्रमाणाचा, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या वजनाहून जास्त मालाचा आरोप असेल, तर जामिनाच्या अटी फार कडक आहेत आणि आरोपपत्राची मुदतही १८० दिवसांची. वजन कुठे केलं, सील कुणी लावलं, नमुने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर घेतले का, पंच (जप्तीचा साक्षीदार) खरोखर तिथे होता का, या प्रश्नांवर खटला फिरू शकतो. पंचांची उलटतपासणी अनेकदा घेतलेल्यालाच ते सुचतात.

पैसे नसतील तर कर्ज काढू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, महिलांनाही मिळतो. विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा. मोफत म्हणजे कच्चा, असं धरून चालू नका. त्यांच्यातही रिमांडच्या कामात तरबेज वकील असतात. इथे अडचण निवडीची, कारण वकील तुम्ही ठरवत नाही.

वकील कोणताही असो, पहिल्या भेटीत एफआयआर त्याच्यासमोर ठेवा आणि प्रत्येक कलम मराठीत किंवा कोकणीत समजावून घ्या. खटल्याला स्वतः उभे राहणार की ज्युनियरला पाठवणार, हेही तेव्हाच विचारा.