हार्ट रेट स्ट्रॅप, काही महिने वापरल्यावर: पट्टा झकास, ॲप पुरुषांचं

छातीला बांधून ठोके मोजणाऱ्या या पट्ट्याचं आधी सांगते कारण तक्रार पट्ट्याची नाहीच. घालायच्या आधी आतली पॅड्स ओली करायची, नाहीतर घाम येईपर्यंत काहीही आकडे दाखवतो. आणि स्पोर्ट्स ब्राच्या इलॅस्टिकच्या बरोब्बर खाली बसवायचा, दोन्ही एकावर एक आले की लाँग रनला कातडी सोलवटून निघते (हे कुठल्या रिव्ह्यूत वाचलं नव्हतं, लिहिणारे बहुतेक पुरुषच असणार). पण एकदा बसला की मनगटावरच्या घड्याळापेक्षा खूप भरवशाचा, घड्याळ चढावर मागे राहतं, कधी पावलांचाच ठेका ठोके म्हणून मोजतं.

घोळ ॲपमध्ये आहे. सेटअपला स्त्री की पुरुष विचारतं आणि मॅक्स हार्ट रेट (मिनिटाला जास्तीत जास्त ठोके) मात्र सरसकट २२० वजा वय. मी ४६ ची, म्हणजे १७४. हृदयरोगतज्ज्ञ मार्था गुलाटी आणि सहकाऱ्यांनी २०१० साली पाच हजारांवर बायकांच्या स्ट्रेस टेस्टवरून वेगळं सूत्र दिलंय, २०६ वजा वयाच्या ०.८८ पट, त्यात माझे येतात १६६. मग झोन टूची (बोलत बोलत धावता येईल अशा हलक्या वेगाची) वरची हद्द, म्हणजे ७० टक्के, १२२ वरून ११६ वर उतरते. सेटिंगमध्ये मॅक्स हाताने टाकता येतो, टाकाच, आणि ट्रेडमिल टेस्ट झाली असेल तर सूत्र सोडा, तो आकडा घ्या.

खरा वैताग म्हणजे तो ‘हार्ट हेल्थ’ स्कोअर. रेस्टिंग हार्ट रेट (आराम करतानाचे ठोके) उतरला की हिरवा. उतरणं चांगलंच, हृदयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळतं आणि तो विसावा लांबतो. पण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या आतून कशा आहेत हे पट्ट्याला काय कळणार? धावणाऱ्यांच्या धमन्या रुंद असतात म्हणतात खरं: बॉस्टन मॅरेथॉन सात वेळा जिंकलेला क्लॅरेन्स डीमार, त्याच्या शवविच्छेदनात धमन्या नेहमीच्या दुप्पट-तिप्पट रुंद निघाल्या. १९९३ साली अल्ट्रा रनर्सच्या (मॅरेथॉनहून लांब धावणाऱ्यांच्या) धमन्या तपासल्या तेव्हा धमन्या रुंदावणाऱ्या औषधाने त्या बैठ्या लोकांपेक्षा दुप्पट फुलत होत्या, पण तेही सगळे पुरुषच. आपल्या धमन्या मुळातच अरुंद असतात, शरीराचा आकार हिशोबात धरूनसुद्धा, त्यामुळे पुरुषांवरचा निष्कर्ष उचलून आपल्याला चिकटवणं मला पटत नाही.

उलटंही आहे बरं का. २०१७ च्या लंडनच्या अभ्यासात वर्षानुवर्षं एन्ड्युरन्स खेळ करणाऱ्या चाळिशीपुढच्या लोकांचं स्कॅन केलं, तर पुरुष खेळाडूंच्या धमन्यांत न खेळणाऱ्या पुरुषांपेक्षा जास्त प्लाक (आतून साचलेला थर), बायकांमध्ये मात्र तसा फरक नाही. पुरुषांचा प्लाकही बराचसा कॅल्शियमचा, कडक, म्हणजे फुटायची भीती कमी असं मानतात. आता आमच्याकडे नवराही हाच ब्रँड वापरतो, दोघांचा स्कोअर हिरवागार, दोघांना सल्ला शब्द न् शब्द तोच! बायकांना हृदयाचा त्रास कधीकधी नुसता दम लागणं, विचित्र थकवा, जबडा दुखणं असा येतो आणि मोठ्या धमन्या अँजिओग्राफीत साफ दिसल्या तरी बारीक रक्तवाहिन्यांत गडबड असू शकते, त्यामुळे नेहमीच्या चढावर अचानक दम लागायला लागला तर स्कोअर बघत बसू नका, डॉक्टर गाठा.

पट्ट्याला पाच पैकी साडेचार, ॲपला दोन. धावून आल्यावर पॉड (पट्ट्यावर अडकवलेला सेन्सर) काढून ठेवा, ओल्या पट्ट्यावर तसाच राहिला तर चालू राहतो आणि सेल उगाच संपतो.