आठ महिने थेरपी घेतल्यानंतर: सुरुवात करणाऱ्यांसाठी माझा अनुभव

गेल्या वर्षी आई गेली. गणपतीनंतर मला रात्री अडीचच्या सुमारास दचकून जाग यायला लागली. छातीत धडधड, हातांना मुंग्या, आता काही आपण वाचत नाही असं वाटायचं. दोनदा ईसीजी काढला, दोन्ही नॉर्मल. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनीच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

इथे माझा जो गोंधळ झाला तो तुमचा होऊ नये. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर, ते औषध देतात. थेरपी बहुतेक वेळा मानसशास्त्रज्ञ घेतात, ते गोळ्या लिहून देत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे खुशाल विचारा. मला दोन्ही लागलं. गोळीचा गुण यायला तीनेक आठवडे गेले, त्याआधी मळमळच जास्त. जरा बरं वाटलं की मनानेच गोळी बंद करू नका, एवढं कळकळीने सांगते.

पहिल्या भेटीत रडून मोकळं होऊ असं वाटलं होतं. प्रत्यक्षात बराच वेळ माहिती देण्यातच गेला: झोप, भूक, घरी कोण कोण, पूर्वी कुणाला असा त्रास होता का. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारतात. नैराश्य किती आहे हे बघायला नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, त्याचे गुण 0 ते 27, जितके जास्त तितका त्रास जास्त. माझे 16 आले. बोललेलं बाहेर जाणार नाही, जिवाला धोका असेल तरच अपवाद, हेही तेव्हाच सांगितलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही गोपनीयतेचा हक्क आहे.

पहिल्या थेरपिस्टशी माझं जमलं नाही. मी आईबद्दल बोलायला लागले की त्या उपदेश करायच्या. तीन भेटींनंतर मी थेरपिस्ट बदलली. त्याचं फार अपराधी वाटलं होतं, पण तो निर्णय योग्यच होता.

दुसऱ्या मॅडमनी वही करायला लावली. चार रकाने: प्रसंग, मनात आलेला विचार, भावना, मग मी काय केलं. आई गेली त्या दुपारी तिचा फोन आला होता आणि मी मीटिंगमध्ये होते. दुसऱ्या रकान्यात मी लिहिलं, ‘मी फोन उचलायलाच हवा होता.’ मॅडमनी त्यातल्या ‘च’भोवती पेन्सिलने गोल केला. ‘तुमची काही चूक नाही’ असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. घरचे सगळे तेच म्हणत होते आणि मला ते पटत नव्हतं. त्यांनी विचारलं, “फोन वाजला तेव्हा तुम्हाला काय माहीत होतं?” मी बराच वेळ गप्प होते. आई रोजच त्या वेळेला फोन करायची, जेवलीस का विचारायला. मला एवढंच माहीत होतं. ‘उचलता आला असता तर बरं झालं असतं’ हे वाक्य लिहायला मला दोन महिने लागले. दुःख तेवढंच राहिलं, पण रात्रीची धडधड कमी व्हायला लागली.

खरं काम या वहीतच झालं, आठवड्याच्या त्या 50 मिनिटांत नाही. वही न भरता गेले तेव्हा भेट जवळजवळ वाया गेली.

अडचणी आहेतच. भेटीनंतर इतका थकवा येतो की मी त्या संध्याकाळी दुसरं काही ठरवत नाही. संक्रांतीला तिळगूळ करताना सगळं पहिल्यासारखं उसळून आलं, तेव्हा वाटलं चार महिने पाण्यात गेले. मॅडम म्हणाल्या, असं मागेपुढे होतंच. खर्चही जाणवतो: मला भेटीला 1,200 रुपये पडतात, म्हणून आता पंधरा दिवसांनी जाते. परवडत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, फोन मोफत लागतो आणि मराठीत बोलता येतं.

परवा तोच नऊ प्रश्नांचा कागद पुन्हा भरला, गुण 6 आले. त्याच आठवड्यात मीटिंग चालू असताना बाबांचा फोन वाजला. बाहेर आल्यावर लावला. मेथी आणू की पालक, एवढंच विचारायचं होतं त्यांना.