रात्रीतून बॅटरी कोण खातं? अँपिअर, मिलिव्होल्ट की क्लँप

इंदूरला रामबागेत सासऱ्यांची हॅचबॅक असते. चार दिवस उभी राहिली की पाचव्या दिवशी किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘टक्’. बॅटरीवाल्याने बॉनेट उघडायच्या आतच निदान केलं, ‘भिया, बैटरी गई, नई डलवा लो.’ नवी टाकली. पाचव्या दिवशी पुन्हा ‘टक्’.

असं तुमच्याकडे होत असेल तर मीटर घ्यायच्या आधी दहाचा पाना घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज करा, निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि एरवी जितक्या दिवसांत ती बसते तितके दिवस तशीच ठेवा. व्होल्टेज 12.6 च्या आसपास टिकलं तर बॅटरी निर्दोष, गाडीच करंट खाते. 12.2 पर्यंत घसरलं तर बॅटरीच आतून गेली, मग पुढचं वाचायची गरज नाही. आमची टिकली.

झोपलेली गाडीही थोडं खातेच. घड्याळ, लॉक, कॉम्प्युटरची मेमरी मिळून 20 ते 50 मिलिअँपिअर चालतात. आमच्याकडे 280 निघाले. म्हणजे चार दिवसांत जवळजवळ 27 अँपिअर-तास, आणि बॅटरी 35 ची. ‘टक्’चा हिशोब लागला. आता चोर शोधायचा कसा?

जुनी रीत म्हणजे निगेटिव्ह टर्मिनल आणि केबल यांच्या मध्ये मीटर लावायचा नि एकेक फ्यूज उपटत जायचं. आकडा खरा मिळतो, खर्च शून्य. पद्मिनी किंवा कार्ब्युरेटरवाली मारुती 800 असेल तर खुशाल हेच करा. नव्या गाडीत मात्र वैताग आहे. मीटर जोडताना केबल सुटली की सगळे मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, जागे होतात. ते झोपायला कधी दहा मिनिटं, कधी तास. फ्यूज परत बसवला की त्यातलं एखादं पुन्हा जागं होतं, आकडा अँपिअरमध्ये उडी मारतो आणि तुम्ही पुन्हा बोनेटपाशी ताटकळत उभे. शिवाय मीटर मध्ये असताना सवयीने कुणी सेल्फ मारला तर मीटर गेलाच. स्वस्त पिवळ्या मीटरच्या दहा अँपिअरच्या भोकाला बहुधा फ्यूजही नसतो.

मला पटली ती मिलिव्होल्टची रीत. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. मीटर 200 मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही प्रोब त्यांवर टेकवायचे. करंट वाहत असेल तर फ्यूजवर किंचित व्होल्टेज पडतं. काही काढायचं नाही, गाडी झोपलेलीच राहते, आणि त्याच पिवळ्या मीटरवर काम होतं. दहा अँपिअरच्या मिनी फ्यूजवर 1 मिलिव्होल्ट दिसला तर साधारण 130 मिलिअँपिअर समजा. प्रत्येक रेटिंगचा हिशोब वेगळा, त्याचे तक्ते मिळतात; पण आधी फक्त शून्य नसलेला फ्यूज हुडकायचाय. फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली असेल तर दार उघडून स्क्रूड्रायव्हरने त्याचं लॅच बंद करून ठेवा, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं. ही युक्ती दोन्ही रीतींत लागते. ती विसरून मी पहिल्या रात्री आतल्या दिव्याचाच करंट मोजत बसलो होतो.

या रीतीला न दिसणारा चोर म्हणजे अल्टरनेटरचा (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा) बिघडलेला डायोड, ज्यातून करंट उलटा गळतो. अल्टरनेटरची जाड केबल छोट्या फ्यूजमधून जातच नाही, आणि मोठ्या फ्यूजवर पडणारं व्होल्टेज या मीटरला पकडता येत नाही.

तिथे क्लँप मीटर कामाचा. बॅटरीच्या केबलभोवती चिमटा लावायचा, बस. तोच चिमटा अल्टरनेटरच्या केबलवर सरकवला की तिथलंही कळतं. मात्र घ्यायला गेलात तर डोळे उघडे ठेवा. महाराणी रोडवर दुकानदाराने मला आधी घरगुती वायरिंगवाला क्लँप काढून दिला. तो फक्त एसी, म्हणजे घरातल्या विजेचा करंट मोजतो; बॅटरीचा डीसी असतो, तिथे निरुपयोगी. डीसी हवा, तोही दोन अँपिअरसारखी खालची रेंज असलेला, नाहीतर 50 आणि 280 मधला फरक कळणार नाही. मोजण्याआधी शून्य करावा लागतो, चिमटा हलला की पुन्हा. साध्या मीटरच्या कितीतरी पट पैसे पडतात. घरात एकच गाडी आणि एकदाचंच काम असेल तर विकत घेऊ नका, मागून आणा. सगळे फ्यूज शून्य दाखवूनही बॅटरी बसत असेल, तर मात्र याला पर्याय नाही.

मुलं पुण्याला आणि गाडी महिनोन्‌महिने उभी, अशांना टर्मिनलवरचा कट-ऑफ स्विच पुरतो. चोर सापडत नाही, घड्याळ दर वेळी लावावं लागतं. वॉरंटीतली गाडी असेल तर कशालाच हात लावू नका, सरळ सर्व्हिस सेंटरला सोडा.

आमच्याकडे पंधरा अँपिअरच्या एका फ्यूजवर 1.2 मिलिव्होल्ट दिसले. त्यावर बाहेरून बसवलेला स्टिरिओ. त्याची पिवळी वायर मेमरीची, कायम चालू, लाल इग्निशनची. बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळून टेप मारला होता, त्यामुळे स्टिरिओ कधी झोपतच नव्हता. लाल वायर इग्निशनवर नेली, आकडा 30 वर आला. जुनी बॅटरी एक्स्चेंजमध्ये केव्हाच गेली होती. सासरे अजून विचारतात, ती चांगली होती का हो? मी विषय बदलतो.