जुन्या इंजिनाचं कूलिंग: थेट खारं पाणी, हीट एक्स्चेंजर की तळाचे पाइप?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या, इंजिन खोललेलं. कूलिंग बदलायचं की आहे तेच चालवायचं, हे ठरवायला हेच दिवस बरे.

थेट खाऱ्या पाण्याची पद्धत सगळ्यांत सोपी. पंपाने ओढलेलं पाणी ब्लॉकमधून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य लोखंडी धडातून, फिरून सायलेन्सरच्या वाटेने बाहेर. पाइप कमी, खर्च कमी, दर्यात बिघाड झाला तरी तांडेल निभावून नेतो. पण पाणी साधारण ६० अंशांच्या वर तापलं की आत मीठ आणि चुना धरतो, म्हणून थर्मोस्टॅट (पाणी किती तापू द्यायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह) कमी अंशाचाच लागतो. इंजिन थंड राहिलं की डिझेल नीट जळत नाही, ऑइलही लवकर खराब होतं. लोखंड आतून खाल्लं जातं ते वेगळंच.

हीट एक्स्चेंजरमध्ये ब्लॉकात गोडं पाणी आणि कूलंट फिरतं, खारं पाणी फक्त एक्स्चेंजरच्या नळ्यांतून जातं. इंजिन ८० अंशांच्या आसपास चालतं. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?’ असं बंदरावर हमखास ऐकू येतं. कूलंट इथे लागतं ते गंज धरू नये म्हणून. तोटा असा, की पंप दोन आणि बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा झिंकचा (जस्ताचा) तुकडा वरचेवर बदलायचा. इम्पेलरचं, म्हणजे पंपातल्या रबरी चाकाचं, पातं तुटलं की ते वाहत जाऊन एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतं. नुसता इम्पेलर बदलून भागत नाही, तुटलेला तुकडा शोधावाच लागतो.

तिसरी पद्धत कील कूलिंग: गोडं पाणी बोटीच्या तळाबाहेरच्या पाइपांतून फिरून थंड होतं. गाळ आत येण्याचा प्रश्नच नाही, म्हणून वाशिष्ठीसारख्या गढूळ खाडीत ही झकास. मात्र ओहोटीला होडी वाळूवर बसत असेल तर विसरा, पाइप चेपतील. पाइपांवर कालवं धरली की इंजिन तापतं, आणि सायलेन्सर कोरडा ठेवावा लागतो किंवा त्याला पाणी वेगळं द्यावं लागतं.

जुन्या इंजिनाचा कौल शेवटी ब्लॉक देतो. बाजूच्या गोल पत्र्याच्या चकत्या काढून आत स्क्रूड्रायव्हरने टोचा. जाड पापुद्रे सुटत असतील तर एक्स्चेंजरवर पैसे घालू नका. थेट पाण्यावरच चालवा आणि ते पैसे दुसऱ्या इंजिनासाठी बाजूला टाका. लोखंड टणक लागलं तर मी डोळे झाकून एक्स्चेंजर घेईन. आधी ब्लॉक केमिकलने धुऊन घ्या, नाहीतर सुटलेला गंज नव्या सामानात जाऊन बसेल.

पाणी ओढायच्या व्हॉल्व्हवर मात्र काटकसर नको. साधं पितळ खाऱ्या पाण्यात जस्त गमावतं. कानशीने घासा, पिवळ्याऐवजी गुलाबी झाक दिसली तर तो आतून ठिसूळ झालाय. तिथे गनमेटलचा (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा) बसवा आणि पाण्याच्या पातळीखालच्या प्रत्येक होजला स्टेनलेसच्या दोन-दोन क्लिपा लावा.