रोइंग मशीन, आठ महिने वापरून: लेकीच्या तबल्याने माझा स्पीड वाढवला

रोइंग मशीन, म्हणजे घरात बसून होडी वल्हवल्यासारखा व्यायाम करायचं यंत्र, दसऱ्यानंतर घेतलं, आता जून चालू आहे, म्हणजे आठ महिने झाले. ऑफिसात आणि सोसायटीत मिळून पाच-सहा जणांनी विचारलं की कसं आहे, घ्यावं का, दर वेळी तेच तेच सांगायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी माझी कुंडली सांगतो म्हणजे पुढचे आकडे वाचून कोणी हसू नका. वय ४४, घेतलं तेव्हा वजन ८३ आता ७८, सिंहगड रोडला तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके, दिवसभर खुर्चीत बसायचं काम. दर रविवारी सिंहगड चढायचो, वर पिठलं भाकरी, दही, खाली यायचं, असं कित्येक वर्षं चालू होतं. मागच्या पावसाळ्यात उतरताना उजवा गुडघा बोंबलायला लागला. फिजिओ मॅडम म्हणाल्या उतार काही महिने बंद, पळणं पण बंद. सायकल म्हणावी तर आमच्या रोडवर सकाळी सातनंतर सायकल काढणं म्हणजे जिवावर उदार होणं. मग राहिलं काय, तर हे.

मशीन सेकंडहँड आहे, पंख्यावालं म्हणजे एअर टाइप. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही कारण जे काही बिघडलेलं निघालं ते आधीच्या मालकाच्या हलगर्जीपणाने, कंपनीला कशाला बोल लावा. "फक्त सहा महिने वापरलंय हो, तसं नवंच आहे" म्हणाले, आणि घरी आणून बघतो तर सीटचे रोलर झिजलेले, दर स्ट्रोकला (एकदा हँडल ओढून परत पुढे येणं म्हणजे एक स्ट्रोक) खट खट, चेन कोरडी ठणठणीत आणि पंख्याच्या जाळीत एवढी जळमटं की आतलं पातं दिसेना. नव्याच्या निम्म्याला मिळालं म्हणून गप्प बसलो. तुम्ही सेकंडहँड घेणार असाल तर तिथेच बसून दहा मिनिटं चालवून बघा, मी चहा पीत गप्पा मारत बसलो ही माझी चूक.

जागेचं आधीच सांगतो, लांबी जवळजवळ आठ फूट. हॉलमधे सोफा आणि टीव्हीच्या मधे टाकलं की कोणी पलीकडे जाऊ शकत नाही. दोन भागात सुटतं, उभं करून ठेवता येतं, पण रोज कोण करतंय, त्यामुळे ते आडवंच असतं आणि पावसाळी हवेत त्यावर टॉवेल वाळत असतात.

आता मुद्द्याचं. पहिले दोन महिने मी चक्क वाया घालवले. पंख्याच्या बाजूला एक लिव्हर असतो १ ते १०, डॅम्पर म्हणतात त्याला. मला वाटलं हा जोराचा आकडा, जिममधे वजन वाढवतात तसा, म्हणून पहिल्या दिवसापासून दहावर. आणि स्पीड पाहिजे म्हणजे हात भराभर चालले पाहिजेत, म्हणून मिनिटाला ३२-३३ स्ट्रोक. दहा मिनिटांत जीभ बाहेर, कंबर धरलेली, आणि मॉनिटरवर आकडा बघावा तर ढिम्म हलत नाही. बायको म्हणाली तू रोइंग करतोयस का विहिरीतून बादली उपसतोयस. लागलं मला ते, पण बरोबर होतं.

लिव्हरची गोष्ट अशी आहे की तो फक्त पंख्यात हवा किती शिरू द्यायची ते ठरवतो. सायकलच्या गिअरसारखं समजा. जोर तुमचाच, तुम्ही जितकं जोरात ढकलाल तितका पंखा जोरात फिरतो आणि तितकी हवा अडवते. मॉनिटरच्या मेनूत ड्रॅग फॅक्टर नावाचा आकडा दिसतो, म्हणजे पंख्याला हवा किती अडवते तो, खरं माप ते. माझ्या मशीनला लिव्हर चारवर ठेवला की ११८ येतो, आणि बहुतेक लोक ११० ते १३० मधेच ठेवतात. दहावर माझा २०० च्या वर जात होता, म्हणजे मी दोन महिने चढावर टॉप गिअर टाकून सायकल मारत होतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे ना, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा जरा पातळ, तोच लिव्हर तिकडे थोडा जड लागणार, म्हणून कोणाचा लिव्हरचा आकडा कॉपी करू नका, ड्रॅग फॅक्टर बघून लावा.

दुसरी गोष्ट टेक्निकची. लेकीला सांगितलं बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढ. तिने काढला, बघितला आणि म्हणाली बाबा तुमचं बूड आधी पळतंय आणि हात तिथेच राहतायत. खरंच, पाय सरळ व्हायचे, सीट मागे जायची, हँडल मात्र जागच्या जागी, आणि मग मी कंबरेतून सगळं वजन ओढून काढायचो. कंबर धरणार नाही तर काय. सगळी शक्ती पायाची आहे ह्यात, हात शेवटी नुसते येतात. आधी पाय, मग कंबरेतून मागे, मग हात. आणि परत जाताना उलटं, हात सरळ, मग अंग पुढे, हात गुडघ्याच्या पलीकडे गेले की मगच गुडघे वाकवायचे. माझे गुडघे आधी वर यायचे म्हणून हँडल त्यांच्यावरून उडी मारून न्यावं लागायचं, व्हिडिओत ते इतकं विनोदी दिसत होतं की घरात दोनदा लावून बघितलं सगळ्यांनी. पायाचे स्ट्रॅप सैल सोडून पाच-सात मिनिटं करून बघा, चूक लगेच कळते, शेवटी जास्त मागे रेललात की पाय सुटून मागे कोलमडता.

आणि आता तबला. लेक तबला शिकते, सकाळी सहाला आतल्या खोलीत रियाज, ॲपवर लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी धून) लावून. तीनतालाचा ठेका, लय ८०. मी बाहेर मशीनवर, मिनिटाला २० स्ट्रोकचा प्रयत्न करतोय आणि जमत नाहीये, कधी २३ कधी १८, घाई घाई. एकदा सहज लक्षात आलं की ८० भागिले २० म्हणजे चार मात्रांना एक स्ट्रोक. धा ला पाय ढकलायचे, धिं धिं धा वर परत यायचं. सोळा मात्रांच्या एका आवर्तनात चार स्ट्रोक, मिनिटाला पाच आवर्तनं. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा मशीन शांत चाललं. मॉनिटरवर २०, २०, २०, २० असं लागोपाठ. ढकलणं जेमतेम मात्रा-सव्वा मात्रा आणि येणं त्याच्या दुपटीहून जास्त, जातो त्याच्यापेक्षा सावकाश परत यायचं एवढंच हे रोइंगवाले सगळीकडे सांगत असतात, वाचून कधी डोक्यात शिरलं नव्हतं. रेट (मिनिटाचे स्ट्रोक) कमी झाला, स्ट्रोकमागे जोर वाढला, आणि गंमत म्हणजे २० वर माझा स्प्लिट पूर्वीच्या ३२ पेक्षा चांगला यायला लागला. (स्प्लिट म्हणजे ५०० मीटरला किती वेळ लागतोय तो आकडा, जितका कमी तितकं चांगलं.) आता २४ चा रेट पाहिजे असेल तर लेहरा ९६ वर. लेकीचं म्हणणं आहे की खालीच्या वेळी, म्हणजे नवव्या मात्रेला, मी अजूनही घाई करतो. तिचा कान आहे, असेल.

आठवड्याचं माझं असं बसलंय. चार दिवस करतो. त्यातले दोन दिवस नुसतं सावकाश, ४० मिनिटं, रेट २०, बोलता येईल इतक्याच दमाने, मी तेव्हा खरंच फोनवर आईशी बोलून बघतो, वाक्य तुटायला लागलं की जास्त झालं. हेच सगळ्यात कंटाळवाणं आणि दम वाढतो तो ह्यानेच, लोक नेमकं हेच टाळतात कारण घाम गाळल्यासारखं वाटत नाही. एक दिवस ५०० मीटर आठ वेळा, मधे साडेतीन मिनिटं विश्रांती. ह्यात माझी सुरुवातीची फजिती म्हणजे पहिला १:५८ मधे मारला, कॉलर ताठ, आणि पाचव्याला २:२० वर येऊन लादीवर आडवा. आता आठही २:०७ च्या आसपास ठेवतो, शेवटचा फक्त जमेल तेवढा. चौथा दिवस मूडवर, कधी १००० मीटर चार वेळा, कधी एक मिनिट जोरात एक मिनिट हळू असं दहा वेळा. हा शेवटचा प्रकार वीस मिनिटांत उरकतो, ऑफिसला उशीर होत असेल तर भारी.

रिझल्ट. रोइंगमधे २००० मीटर ही सगळ्यांची परीक्षा. ऑक्टोबरमधे केली ती ९:४८. पाचशे-पाचशेचे तुकडे असे, २:०८, २:२८, २:४०, २:३२. बघा पहिल्यात किती माज आणि तिसऱ्यात काय झालं. गेल्या आठवड्यात ८:३६. तीन तुकडे २:१० चे आणि शेवटचा २:०६. अर्धा तास २० च्या रेटने, हे जानेवारीत ५,७०० मीटर झालं होतं, आता ६,४८०.

आता कोणी म्हणेल पाचशेला १८ सेकंद कमी झाले त्यात काय एवढं. इथे एक गणित आहे ते मला फार उशिरा कळलं. लागणारा जोर, म्हणजे वॅट, वेगाच्या घनाने वाढतो. मॉनिटर वॅट काढतो ते २.८ भागिले एका मीटरला लागलेल्या सेकंदांचा घन. २:२७ म्हणजे ११० वॅट आणि २:०९ म्हणजे १६३, म्हणजे जवळजवळ दीडपट जोर. २:३० वरून थेट २:०० वर जायचं तर जोर दुप्पट लागतो. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला आकडा पडतो, आनंदी आनंद, आणि मग एकेका सेकंदासाठी महिना जातो, तेव्हा मशीन बिघडलंय असं वाटतं, ते बिघडलेलं नसतं. आणि मिजास चढली की मी दत्तू भोकनळ आठवतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, वडलांबरोबर विहिरी खोदायला जाणारा पोरगा, फौजेत आला, इथे पुण्यात रोइंग शिकला आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमधे सिंगल स्कल्सला (एकट्याने दोन वल्ह्यांनी होडी मारायची शर्यत) १३ वा आला. २००० मीटर सात मिनिटांच्या आत, तेही पाण्यावर, एकट्याने होडी मारत. आमच्या हॉलमधे ना लाट ना वारा, तरी ८:३६.

आवाज. हा खरा प्रॉब्लेम. एअर मशीन म्हणजे दर स्ट्रोकला टेबलफॅन फुलवर टाकून बंद केल्यासारखा आवाज, टीव्ही लावून ऐकू येत नाही, आणि रोलर खराब असल्याने खालच्या फ्लॅटला खट खट. पहिल्या आठवड्यात पहाटे पावणेसहाला खालचे काका वर आले, पायजम्यात, म्हणाले काही दुरुस्ती चालू आहे का. लाज वाटली. जाड रबर मॅटचे दोन थर टाकले, तेव्हापासून तक्रार नाही, पण जिन्यात भेटले की "काय नावाडी" म्हणतात. शांतता पाहिजे असेल तर मॅग्नेटिक घ्या, आवाज जवळजवळ नसतो, फक्त त्यात जोरात ओढलं म्हणून अडवणं आपोआप वाढत नाही आणि त्यावरचा आकडा दुसऱ्या मशीनशी जुळवून बघण्यात अर्थ नसतो. मला आकड्यांचा नाद आहे म्हणून मी हा आवाज सहन करतो (म्हणजे घरचे करतात).

देखभाल फार नाही पण करावी लागते. रेल (सीट सरकते तो दांडा) रोज ओल्या फडक्याने पुसायचा, नाहीतर काळी रेघ जमते आणि सीट अडखळते. चेनला साधारण ५० तासांनी मशीन ऑइल, फडक्यावर घेऊन. आमच्या रोडवर काही ना काही खोदकाम चालूच, त्या धुळीने पंख्याची जाळी बुजते. एप्रिलमधे मशीन हलकं लागायला लागलं म्हणून बघितलं तर ड्रॅग ११८ वरून १०१ वर आलेला, व्हॅक्यूम क्लिनर लावल्यावर परत जागेवर. मॉनिटर ते हिशोबात धरतो म्हणून आकडा खोटा येत नाही, पण हाताला फरक कळतो. एक फायदा म्हणजे ह्याला प्लग नाही, मॉनिटर बॅटरीवर, गुरुवारी लाइट गेली तरी चालतं. फक्त वरचा पंखा बंद असतो आणि एप्रिल-मे मधे ते काय असतं ते विचारू नका, रेलखाली अक्षरशः थारोळं. उठल्यावर कोकम सरबतात चिमूटभर मीठ जास्त.

किरकोळ त्रास पण सांगतो. तळहाताला घट्टे, पहिल्या महिन्यात फोड आले, हँडल आवळून धरायची गरज नाही, बोटांत अडकवलं तरी पुरतं. पंचवीस मिनिटांनंतर बूड बधिर, जुनी चादर चौपदरी करून सीटवर टाकतो. गुडघ्याचं म्हणाल तर माझा तरी दुखत नाही, पण नडगी उभी झाली की तिथेच थांबतो, त्याच्या पुढे टाच उचलून घुसत नाही. कंबरेचं जुनं दुखणं असलेल्यांनी आधी विचारून घ्या, दमल्यावर पाठ गोल होते आणि तिथेच घोटाळा होतो.

मागच्या रविवारी फिजिओ मॅडमच्या परवानगीने सिंहगड परत एकदा केला. चढताना दम लागला नाही म्हणजे खरंच नाही, पूर्वी जिथे टेकायचो तिथे टेकलो नाही. उतरताना काठी घेतली, सावकाश आलो.

सीटचे नवीन रोलर मागवलेत, पंधरा दिवस झाले अजून पत्ता नाही. तोवर खट खट तालात मारतोय.